आवाजाची डिव्हिजन

तात्यांना शर्ट घालायचा तर आधी निकामी हात बाहीत सरकवायचा, मग चांगला. काढताना उलट. दोन वर्षांत सुनेच्या बोटांना हे इतकं पाठ झालं होतं की आपण या घरात त्यांना शेवटचा शर्ट घालतोय, हे तिच्या लक्षात यायला सगळी बटणं लावून व्हावी लागली.

बॅग दाराशी होती. जेवणं आटोपली की शुश्रूषागृहाची गाडी येणार होती. तिथली खाट छोटीने मिळवली होती. छोटी म्हणजे तात्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. पन्नाशी उलटलेली, मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ, तिथे तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे, पण या घरात ती अजून छोटीच होती. तिने वडील पाहिलेच नव्हते. ती पोटात असताना ते युद्धात गेले. तात्या ज्या चिलखती डिव्हिजनमध्ये वायरलेसवर होते, त्याच डिव्हिजनच्या रणगाड्यात.

स्वयंपाकघरातून तिचा आणि थोरल्याचा आवाज येत होता.

"उचलायला दोघं येतील ना?" थोरला विचारत होता. तात्यांचा एकुलता एक मुलगा, तरी सगळे त्याला थोरलाच म्हणत. जमिनी मोजण्यात त्याची नोकरी सरली होती, आणि तो बोलायचाही जमिनीवर खुंटी ठोकल्यासारखा.

"दोघं येतात. त्यांना सवय असते, दादा."

"आणि हिचं काय?"

"वहिनीचं मी बघते. तिची पाठ गेलीये. तिलाही कधीतरी झोप मिळू दे."

वहिनी म्हणजे आपण, हे सुनेला कळत होतं, पण तिचं लक्ष तात्यांच्या डाव्या अंगठ्यावर होतं. ऊन पलंगाच्या पायथ्याशी पोचलं होतं. रोज ते तिथे पोचलं की तो अंगठा हलायला लागायचा.

झटका आल्यापासून तात्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आणि गेल्या आठवड्यात एका दुपारी, सून त्यांना सूप भरवत असताना, अंगठा पलंगाच्या कठड्यावर दाबला गेला आणि स्वच्छ, तरुण, जरा घाईच्या आवाजात तात्या म्हणाले होते, "पाकोळी, पाकोळी, मी डोंगर. ऐकू येतंय का? ओव्हर."

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिने घाबरून म्हटलं, "हो तात्या, येतंय की."

तात्यांच्या कपाळाला आठी पडली. "मध्ये कोण बोलतंय? आधी ओळख द्या."

तिला हसू आलं होतं. चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती तेव्हा ती दिवसभर लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची, आणि इथे तिचीच परीक्षा चालली होती. पण ती हसली ते पहिल्याच दिवशी. त्यानंतर रोज दुपारी ते बोलत आले. अंगठा दाबला की बोलायचे, सोडला की ऐकायचे. ऐकताना त्यांचे डोळे इतके लक्ष देऊन एका जागी लागायचे की तीही श्वास धरायची. ऐकून झालं की ते उत्तर द्यायचे. आणि रोज बोलणं थोडं पुढे सरकायचं. कालचं आज पुन्हा येत नव्हतं.

तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सासरे तिच्याशी 'चहा' आणि 'दार लाव' यापलीकडे बोलले नव्हते. आता ते तिच्याशी बोलत नसतील, पण तिच्यासमोर तरी बोलत होते. आणि सांगितलं असतं तर गाडी परवाच आली असती.

अंगठा दाबला गेला.

"पाकोळी, मी डोंगर. तुझा आवाज येतोय, पण खरखर फार आहे. सावकाश बोल. ओव्हर."

स्वयंपाकघरातलं बोलणं थांबलं.

*

थोरला दारात आला तेव्हा त्याच्या हातात बशी होती. ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. त्याच्या खांद्यावरून छोटी वाकून बघत होती.

"हे कधीपासून?" छोटीने विचारलं.

"आठवडा झाला," बायको म्हणाली. तिने नजर चुकवली नाही, हे थोरल्याला जास्त लागलं.

"आठवडा? आणि मला विचारतेस, गाडीत उशी ठेवतील का?"

"हळू बोला. ते ऐकतायत."

"आपलं ऐकतायत?"

"आपलं नाही."

तात्यांनी अंगठा सोडला होता. डोळे समोरच्या भिंतीवर, जिथे काही नव्हतं. मग मान अगदी थोडी हलली, फोनवर माणूस हलवतो तशी.

छोटीने पुढे होऊन त्यांची नाडी धरली, डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या. "यात नवल काही नाही, दादा. बोलणं गेलं तरी पाठ झालेलं राहतं. पाढे, शिव्या, गाणी. ते मेंदूत वेगळ्या जागी असतं. माझ्या टेबलावर भूल उतरताना लोक काय काय बोलतात, सांगितलं तर हसशील."

"पण ते उत्तरं देतात," सून म्हणाली.

"देतात असं वाटतं आपल्याला."

थोरला बशी घेऊन खुर्चीवर टेकला. त्याला काय बोलायचं ते ठाऊक होतं. डिव्हिजनचा छापील इतिहास त्याने कॉलेजात असल्यापासून इतक्यांदा वाचला होता की पानांचे कोपरे गोल झाले होते. घोडे काढून घेतले आणि घोडेस्वारांना रणगाडे दिले, तिथपासून तो सुरू होतो. सरावाला पुरेसे रणगाडेही नव्हते, म्हणून लाकडी सांगाडे गाड्यांवर बांधून शेतांतून फिरवले. मग सपाट मुलखातली ती लांब दौड, धुळीने बंद पडणारी इंजिनं, आणि शेवटी नदी.

"छोटे, ते पाठ केलेलंच आहे," तो म्हणाला. "पण वेगळ्या अर्थानं. नदीवर काय झालं ते तुला माहितीये ना?"

"मला दोन ओळी माहितीयेत. धुक्यात संपर्क तुटला. एक रणगाडा नंतर झाकण उघडं असलेला सापडला, कमांडरचा पत्ता लागला नाही. एवढ्यावर माझं बारसं झालं."

"त्याच्या आधीचं पान वाच. आख्खी डिव्हिजन रात्रीतून काढून वरच्या पुलाकडे न्यायची होती. शत्रूला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून पलीकडच्या तीरावर रणगाड्यांची एकच तुकडी मागे ठेवली, काकांची. त्यांनी सतत इंजिनं सुरू करायची, बंद करायची, इकडून तिकडे फिरायचं. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, सगळे इथंच आहेत. आणि अलीकडे एक वायरलेसची गाडी. तात्यांची. शत्रू रेडिओ ऐकतो, तेव्हा तात्यांनी सगळ्या रणगाड्यांशी बोलत राहायचं."

"जे तिथे नव्हते त्यांच्याशी?"

"जे तिथे नव्हते त्यांच्याशी. प्रश्न विचारायचा, थांबायचं, जणू उत्तर आलं असं धरून पुढे बोलायचं. पुस्तकात त्याला आवाजाची डिव्हिजन म्हटलंय. युक्ती यशस्वी झाली, म्हणून सगळ्यांची छाती फुगली." त्याने वडिलांकडे पाहिलं. "त्यांचं कामच ते होतं. नसलेल्या माणसांशी खरं वाटेल असं बोलणं. तेच चाललंय."

छोटीचा चेहरा सैल झाला. थोरल्याला बरं वाटलं. मोजमाप जुळलं की वाटतं तसं.

तात्यांनी अंगठा दाबला. "मुख्यालय गेलं. हो, सगळे गेले. मला निघायचा हुकूम झालाय, तो मला माहितीये. मी इथंच आहे. तू तुझं बघ, बारक्या. ओव्हर."



बारक्या हे नाव घरात होतं. आजी त्या नावाने धाकट्या मुलाला हाक मारायची, एवढं थोरल्याला आठवत होतं. शत्रूला फसवण्यासाठी लिहून दिलेल्या संभाषणात बारक्या असण्याचं कारण नव्हतं.

"गाडीला फोन करून लवकर बोलवू," तो उठत म्हणाला.

"का?" छोटीने विचारलं.

"कारण हे ऐकायचं नाही. लहानपणी मी यांच्या शेजारी झोपायचो. ते झोपेत म्हणायचे, उघडू नकोस, उघडू नकोस. मला वाटायचं मलाच सांगतायत. लग्न होईपर्यंत मला संध्याकाळनंतर दाराची कडी काढता येत नव्हती, विचार हिला. मी त्या नदीवर जाऊन आलोय, छोटे. कुणाला सांगितलं नाही. नदीने पात्र बदललंय. रणगाडे होते तिथे आता भोपळ्याचे वेल आहेत. तिथे काही नाही. काही नाही तेच बरं."

"बस, दादा," छोटी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. सकाळपासून दोघं एका बाजूला होते. आता ती पलंगाच्या त्या बाजूला, वहिनीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "पलीकडे माझे वडील आहेत."

"पलीकडे भिंत आहे."

"असेल. मला ऐकायचंय. वहिनी, ते रोज पुढे सरकतात म्हणालीस?"

"रोज थोडं. काल म्हणत होते, धुकं उतरतंय. बाकीचे रणगाडे परत अलीकडे आलेत. चालक दगावलाय. रणगाडा वाळूत रुतलाय."

छोटीने जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आईला खाली आण."

"काकी येणार नाही," थोरला म्हणाला. "या खोलीत तर नाहीच."

पण सून जिना चढायलाही लागली होती.

*

काकी आणि तात्या एकाच घरात राहत आले होते, ती वर आणि ते खाली, आणि छोटीचा जन्म झाला त्या वर्षापासून त्यांच्यात अबोला होता. भांडण असं कधी झालंच नाही. काकी खालच्यांना म्हणायची, "तात्यांना सांग, वरचा नळ गळतोय." तात्या म्हणायचे, "काकीला सांग, उद्या माणूस येईल." माणूस यायचा, नळ दुरुस्त व्हायचा. घराला त्या अबोल्याची इतकी सवय झाली होती की तो मोडला असता तर भांडी पडल्यासारखं वाटलं असतं.

सुनेने वर काय सांगितलं कोण जाणे. काकी आली ती कठड्याला धरून, हातातलं विणकाम न ठेवता. दारात थांबली. पलंगावर एवढासा झालेला माणूस पाहून तिला वाटलं, आपण कुणावर रागावलो होतो इतकी वर्षं?

पण तिला आठवलं. युद्धावरून आलेला हा माणूस तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभा होता. तिने एकच विचारलं होतं, शेवटी काय बोलले ते? आणि हा म्हणाला, संपर्क तुटला होता. जमिनीकडे बघून म्हणाला. तिला तेव्हाच कळलं की हा खोटं बोलतोय. नुसत्या आवाजावरून याने आपली तोफ कुठली आणि त्यांची कुठली ते ओळखायचं, आणि भावाचा आवाज याला ऐकू आला नाही? तिने ठरवलं, खरं सांगेल त्या दिवशी बोलेन.

सुनेने खुर्ची सरकवून दिली. काकी बसली.

"आई, हे मेंदूचं असतं," छोटी तिच्या कानाशी म्हणाली. "सगळं खरं धरू नकोस."

"तू गप्प बस."

अंगठा दाबला गेला. "तोफेवरचा गोलंदाज? तो मेला म्हणालास मघाशी. ओव्हर."

अंगठा सुटला. तात्या ऐकत राहिले. बाहेर दोरीवर चादरी वाळत होत्या, ऊन कडक होतं, शेजारच्या अंगणात कुणीतरी सतरंजी झोडपत होतं. तो आवाज ठराविक अंतराने येत होता.

"बोलतोय? काय बोलतोय?" बराच वेळ गेला. तात्यांचा आवाज खाली आला. "त्याला उत्तर देऊ नकोस, बारक्या. त्याच्याकडे बघूही नकोस. माझ्याशी बोल. आपल्या घराचा जिना कसा चढायचा ते सांग. हां. तुटकी पायरी कितवी?... बरोबर. पुढे."

थोरल्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. काकीच्या मनात आलं, याने भावाला एकटं सोडलं नव्हतं. सगळे निघून गेले, हुकूम झाला, आणि हा त्या गाडीत बसून भावाला जिना चढवत होता. मग हे सांगायला याचं काय गेलं असतं?

"टकटक? कुठून?" तात्या म्हणाले. "इंजिन थंड होताना पत्रा वाजतो. ते नाही?... बाहेरून? बारक्या, नीट ऐक. आपली सगळी माणसं नदीच्या या बाजूला आहेत. त्या बाजूला आपलं कुणी नाही. उघडू नकोस. ओव्हर."

सतरंजीचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"बाई?" तात्या म्हणाले.

सुनेने छोटीचा हात पकडला.

"तिथे बाई कुठून येईल? काय म्हणतेय ती?... पुन्हा सांग. हाक मारतेय? नावानं?" तात्या ऐकत होते. चेहऱ्याची चांगली बाजू ताठ झाली होती. "नावानं नाही. मग?"

नवऱ्याला नावाने हाक मारायची काकीला सवय नव्हती, तेव्हाच्या कुणालाच नव्हती. तिला कळायच्या आधी तिच्या तोंडून निघून गेलं.

"अहो."

फार हळू म्हणाली ती. विणकामाच्या सुया मांडीवरून घसरल्या, त्यांचा आवाजही त्याहून मोठा होता. पण तात्यांचा अंगठा ताडकन खाली गेला.

"थांब. मलाही ऐकू आलं. 'अहो' म्हणतेय. अगदी जवळून येतोय आवाज. ओव्हर."

"आई," छोटी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. दिवसाला दहा माणसांना झोपवून परत जागं करणारी ती बाई आईचा खांदा धरून हलवत होती. "आई, काही बोलू नकोस. नाहीतर त्यांना आत थांबायला सांग. झाकण उघडं सापडलं होतं. आत थांबायला सांग त्यांना."

"छोटे, काय बोलतेस तू हे?" थोरला म्हणाला. "कुणाला सांगायचंय?"



काकी पुढे वाकली. आता तिला लाज वाटत नव्हती. "अहो, ऐका. आतच थांबा. बाहेर येऊ नका."

तात्यांच्या कपाळावर आठ्या. "खरखर आहे. काही कळलं नाही. तुला कळलं?... नाही. पुन्हा सांगायला सांग."

"आतच थांबा," काकी मोठ्याने म्हणाली. "झाकण उघडू नका."

"नाही. नुसती खरखर." तात्यांनी मान हलवली. मग त्यांनी एक गोष्ट केली जी त्यांनी आठवडाभरात केली नव्हती. भिंतीवरची नजर काढून त्यांनी थेट काकीकडे पाहिलं. ओळखीचं काही त्या नजरेत नव्हतं. गाडीत बसलेला चोवीस वर्षांचा मुलगा धुक्यात कुणाचा तरी आकार शोधत होता. "कोण असाल ते असा. बॅटरी संपत आलीये. जे सांगायचं ते एकदाच सांगा. ओव्हर."

काकीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. इतक्या वर्षांत तिने नवऱ्याशी मनात जे बोलणं केलं होतं, त्यात तक्रारी होत्या, छताची गळती होती, छोटीची परीक्षा होती, पैसे पुरत नाहीत हे होतं. त्यातलं आता काहीच आठवेना. एकच गोष्ट राहिली. ती सांगायला माणूसच मिळाला नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "मुलगी झाली."

तात्यांचा अंगठा सावकाश खाली गेला.

"मिळालं," ते म्हणाले. "स्वच्छ मिळालं. पाकोळी, ऐकलंस? मुलगी झाली म्हणतेय. ओव्हर."

ते ऐकत राहिले. आणि त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं. घरात कुणीही ते कधी पाहिलं नव्हतं. "हसतोय," ते नियम विसरून, अंगठा न दाबताच म्हणाले. "बारक्या हसतोय."

मग हसू गेलं.

"कुठे निघालास? थांब. पाकोळी, थांब. ती तिथे नाही, ती घरी आहे, शेकडो कोसांवर आहे. बारक्या, झाकण..."

अंगठा दाबलेलाच राहिला. नखाखालचं बोट पांढरं होईपर्यंत. मग तो सुटला, आणि तात्या ऐकायला लागले. सगळेच ऐकत होते. भूलतज्ज्ञ, मोजणीदार, चष्मेवाली, तिघंही त्या रिकाम्या भिंतीकडे कान लावून उभे होते, आणि नंतर तिघांपैकी कुणीही दुसऱ्याला विचारलं नाही की तुला काही ऐकू आलं का.

"पाकोळी, मी डोंगर," तात्या शेवटी म्हणाले. "पाकोळी, मी डोंगर."

त्यांचे डोळे मिटले. छोटीने नाडी बघितली. नाडी व्यवस्थित होती. ते झोपले होते.

*

गाडी आली तेव्हा थोरलाच बाहेर गेला. आत बसलेल्यांना त्याचं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं. "नाही, ठीक आहेत. आमचंच जरा चुकलं. तुम्हाला फेरा पडला." गाडी वळून गेली. तो लगेच आत आला नाही. दोरीवरच्या चादरी काढत राहिला, ज्या अजून पुऱ्या वाळल्या नव्हत्या.

सुनेने बॅग उघडून शर्ट परत कपाटात लावायला घेतले.

छोटी आईच्या पायाशी जमिनीवर बसली होती. किती वर्षांनी अशी बसली असेल, गुडघे मोडताना वाजले. "आपण फार दमलोय, आई," ती म्हणाली. "दमलेल्या माणसांना काहीही जुळतंय असं वाटतं. तू बोललीस, ते त्यांनी ऐकलं, आणि आपल्या आठवणीत घातलं. एवढंच झालं. माझ्या टेबलावरही होतं असं. शेजारी नर्स काही बोलते, आणि रोग्याच्या स्वप्नात ते येतं."

"असेल," काकी म्हणाली.

"तसंच आहे."

"युद्धावरून आले ना हे," काकीने पलंगाकडे मान केली, "तेव्हा तू आत झोळीत होतीस. मी दार उघडलं. हे उंबऱ्याबाहेर उभे. अजून एक शब्द बोललो नव्हतो आम्ही. आणि यांनी पहिलं काय विचारलं माहितीये? 'मुलगी झोपलीये का?'"

छोटी तिच्याकडे बघत राहिली. "तू कळवलं असशील."

"कुणाला? यांचा पत्ता कुणाकडे होता? माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, मी कुणालाच कळवलं नव्हतं. तेव्हा वाटलं, गल्लीत कुणी सांगितलं असेल. त्यानंतर मी ते विचारलं, शेवटी काय बोलले म्हणून. आणि हे जमिनीकडे बघायला लागले." तिने खाली पडलेल्या सुया उचलल्या आणि सुटलेले टाके बोटांनी चाचपले. "काय सांगायचं होतं त्यांनी मला? तू हाक मारलीस आणि तो बाहेर गेला, असं? वीस वर्षांच्या पोरीला? मी तरी सांगितलं नसतं. मी आपली रुसून बसले."

कपाटापाशी सुनेचे हात थांबले होते.

"आई," छोटी म्हणाली. मोठ्या मुश्किलीने म्हणाली, आणि भूलतज्ज्ञ म्हणून नाही. "तू ते सांगितलं नसतंस तर ते आतच थांबले असते."

काकीने सुटलेला एक टाका सुईवर परत घेतला. तात्या झोपेत संथ श्वास घेत होते. थोरला ओलसर चादरी खांद्यावर टाकून दारात आला होता, आणि ऐकत उभा राहिला होता.

"थांबले असते," ती म्हणाली. "वाळूत रुतलेल्या त्या लोखंडात, गेलेल्या माणसांबरोबर. आणि तू झालीस हे त्यांना कळलंच नसतं."

तिने खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढून घेतली. मग थोरल्याला म्हणाली, "माझी गादी वरून खाली आण. आणि तात्यांना..." ती थांबली. इतक्या वर्षांची जिभेची सवय होती. तिने मान वळवली, आणि मध्ये कुणालाही न घालता झोपलेल्या माणसालाच सांगितलं, "तात्या, मी इथंच आहे बरं का."